सतरंजीपुरती जागा

पुण्याच्या सारसबागेत जायचं ठरलं की आधी कॉटखालची सतरंजी निघायची. निळ्या-लाल पट्ट्यांची, एका कडेला इस्त्रीचा डाग पडलेली. बागेत पोचलं की जागा धरायची. उतार नको, मुंग्या नकोत, पण गणपतीच्या देवळाचा कळस दिसायला हवा. मग दोघांनी दोन टोकं धरून सतरंजी झटकायची आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर चपला ठेवायच्या. भेळेच्या पुड्या आल्या की पुरीचा चमचा करून खाता खाता कागदावरची बातमी वाचायची. बातमी अर्धीच असायची. उरलेली अर्धी भावाच्या पुडीवर सापडते का, ते बघायचो आम्ही.

आता पु. ल. देशपांडे उद्यानात जातो, तिथे सतरंजी लागत नाही. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेली ही दहा एकरांची बाग. मूळ कोराकुएन १७०० साली पुरी झाली. चालत चालत पाहायची बाग ती, आणि आपल्याकडेही ते नीट उतरलंय. वाट अशी वळवली आहे की तळं एकदम सगळं दिसत नाही, दर वळणाला थोडं थोडं हाती येतं. हिरवळीवर मात्र पाय ठेवायचा नाही. ते बरोबरच आहे. रोज शेकडो पावलं पडली की माती दबते, पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि गवताला टक्कल पडत जातं. आमच्या लहानपणी बागांमधून असे उघडे, धुळीचे पट्टे असायचेच. ते आमच्याच बसण्याने झालेले.

आणि पेशवे पार्क! १९५६ साली सुरू झालेल्या फुलराणी या छोट्या आगगाडीसाठी आम्ही रांगेत उभे राहायचो आणि तिथून पिंजऱ्यांकडे जायचो. नाकाला रुमाल लावून, चार पावलांत येरझारा घालणारा प्राणी पाहायचो, वर शेंगाही फेकायचो. पुढे ते प्राणी कात्रजला मोकळ्या जागेत गेले, हे फार चांगलं झालं. त्या पिंजऱ्यांची आठवण गोड म्हणून सांगायला माझी जीभ रेटत नाही.

आमची लाडकी सारसबागही कुणाचं तरी हरवलेलं तळंच आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं पर्वतीचं तळं गेलं, त्या जागी बाग आली. नाव तेवढं मागे राहिलं, तळ्यातला गणपती. आमच्या हिरवळीवर बसून आजोबांच्या पिढीतलं कुणी पाण्यासाठी हळहळलं असेल.

तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. मागच्या वर्षी शहरातल्या एका नव्या उद्यानात आईला घेऊन गेलो होतो. रुंद सपाट वाट, रॅम्प, स्वच्छ स्वच्छतागृह, संध्याकाळी भरपूर उजेड. जुन्या बागेत यातलं काहीही नव्हतं आणि त्यापायी बायकांचे किती हाल व्हायचे, ते आईच सांगते. पण ती गवताच्या कडेला टेकली आणि लगेच शिट्टी वाजली. ती उठली, बाकावर गेली आणि तिथे चपला काढून मांडी घालून बसली. मधल्या लोखंडी दांड्यामुळे एक गुडघा हवेतच. आम्ही तिच्याशेजारी ओळीने. बाकावर ओळीनेच बसता येतं, समोरासमोर नाही. सतरंजीवर आमचं गोल कोंडाळं व्हायचं, मधे भेळ, आणि शेजारच्या सतरंजीवरचं बाळ रांगत आमच्यात यायचं.

बागांचे आराखडे करणाऱ्यांनो, वळणं ठेवा, रॅम्प तर ठेवाच. पण एका बाजूला साधी हरळी लावा, तुडवली तरी पुन्हा फुटणारी. तिचे दोन तुकडे करा. एक महिनाभर विश्रांतीला बंद, तोवर दुसरा बसायला खुला. पाणी, खत आणि थोडी पाळी सांभाळली की एवढं जमतं. आई आता ऐंशीला आली आहे. हे लवकर व्हावं.