‘वेल’ की ‘वेळ’?

वाशिष्ठीच्या मुखाशी असलेल्या अंजनवेलच्या नावातील ‘वेल’ म्हणजे संस्कृत ‘वेला’, समुद्रकिनारा, असे एका विद्यार्थ्याने मला सुचविले. गोपाळगडावरून खाडी पाहिली की सूचना मोहक वाटते. ध्वनिनियम मात्र आड येतो. स्वरमध्यस्थ एकेरी ‘ल’चा मराठीत ‘ळ’ होतो, प्राकृतातील ‘ल्ल’चा ‘ल’ राहतो : फल-फळ, पण फुल्ल-फूल. म्हणून ‘वेला’ची झाली ‘वेळ’. ‘वेल’ आला ‘वल्ली’पासून, प्राकृत ‘वेल्ली’मार्गे. म्हणजे त्यातला एकार मूळचा नव्हे, अकाराच्या जागी आलेला. दोन्ही एकार आज सारखेच. भेद सांगते ते शेजारचे व्यंजन. ज्यूल ब्लॉक यांच्या ग्रंथापासून (१९२०) आपण हे नियम शिकवितो, गावांच्या नावांना लावीत नाही.

गळालेल्या स्वराला तर व्यंजनही साक्षी नसते; तेथे भगिनीभाषाच विचारावी लागते. युरालिक कुळात हंगेरियन ‘वीझ’ने (पाणी) गमावलेला अन्त्य स्वर फिनिश ‘वेसि’त टिकला आहे, आपल्या जुन्या ‘देवु’तील उकार दक्षिण कानड्यातील कोंकणीत अद्याप ऐकू येतो.

‘वल्ली’ सिद्ध झाली असे मी म्हणणार नाही. ‘वेला’ तत्सम मानल्याखेरीज ती वाट बंद होते, इतकेच. त्याच गुहागर तालुक्यातील वेळणेश्वराचा ‘ळ’ वेगळी चौकशी मागतो.