तीन फुटांवरची समई

व्याजाचा दर वाढला की बोजा वाढतो, हे आपल्या व्यापारी घरांत लहान मुलांनाही सांगावे लागत नाही. कॅमेऱ्याच्या लेन्सवरील आकड्याचा हिशेब मात्र उलटा असतो. तेथे आकडा जितका लहान, तितका प्रकाश अधिक आणि बहुधा किंमतही अधिक. बँकेतून निवृत्त झाल्यावर छायाचित्रणाचा छंद जडला, तेव्हा या उलट्या हिशेबाने मला प्रथम चकित केले आणि मग चांगलेच गुंतवले.

हा आकडा म्हणजे लेन्सचे नाभीय अंतर भागिले तिच्या छिद्राचा व्यास. पन्नास मिलिमीटरच्या लेन्सवर १.८ लिहिले असेल, तर तिचे छिद्र सुमारे २८ मिलिमीटरचे असते. १.२ लिहिले असेल, तर ते जवळजवळ ४२ मिलिमीटरचे. प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळावर अवलंबून असल्यामुळे आकड्यांच्या गुणोत्तराचा वर्ग करावा लागतो. १.८ ला १.२ ने भागले की दीड, आणि दीडचा वर्ग सव्वादोन. म्हणजे दुसरी लेन्स पहिलीच्या सव्वादोन पट प्रकाश घेते. कॅननच्या सध्याच्या मालिकेतील ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स १६० ग्रॅमची आहे, तर एफ १.२ लेन्स ९५० ग्रॅमची. किमतीतील अंतर दहापटीच्या आसपास जाते. सव्वादोन पट मालासाठी दहापट दाम कोण मोजील, असे कोणताही व्यापारी विचारील. तरीही मोजणारे आहेत, आणि त्यांची गरज खोटी नसते.

माझीही गरज खरी होती. आमचे थोरले बंधू, ज्यांना सारे घर दादा म्हणते, त्यांना गेली काही वर्षे कंपवाताचा विकार आहे. दर लक्ष्मीपूजनाला पेढीवर नव्या वहीत पहिले ‘श्री’ तेच लिहितात. मागील दिवाळीच्या आधी त्यांनी पुतण्याला सांगितले, ‘‘यंदा लिहितो. पुढच्या वर्षी तू लिही.’’ हा क्षण टिपून ठेवावा, असे सर्वांनाच वाटले. अडचण अशी की कॅमेरा समोर दिसला की दादा ताठ होतात, आणि फ्लॅशचा झोत पडला की दचकून त्यांचा हात अधिकच कापतो. पूजेच्या वेळी विजेचे दिवे मालवून केवळ समया ठेवण्याची आमच्याकडे जुनी रीत आहे. ती मोडायची नव्हती.

वहीपूजनाच्या आठ दिवस आधी मी एफ १.४ आणि एफ १.२ अशा दोन लेन्स भाड्याने आणल्या, एफ १.८ घरची होती. संध्याकाळी दादा रोजमेळ चाळत बसत, तेव्हा त्यांच्यापासून तीन फुटांवर समई ठेवून आम्ही तिन्ही लेन्स पाहिल्या. एफ १.८ ला तेवढ्या उजेडात सेकंदाच्या तिसाव्या भागाइतका वेळ लागत होता. चेहरा ठीक येई, पण कापणारा हात पुसट होऊन जाई. कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाची सोय छायाचित्रकाराचा हात सावरते, समोरच्याचा नाही. दादांचा हात स्थिर दिसायचा, तर सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग हवा होता. म्हणजे सुमारे चौपट प्रकाश. एफ १.४ मुळे मिळाला तो जेमतेम १.६५ पट, आणि एफ १.२ मुळे सव्वादोन पट. सर्वांत महाग लेन्सही निम्म्या वाटेवरच थांबत होती.

शिवाय या प्रकाशाची किंमत केवळ रुपयांत चुकती होत नाही. छिद्र मोठे होते, तसा स्पष्टतेचा पट्टा अरुंद होतो. एक मीटरवरून चेहरा घेताना एफ १.८ वर हा पट्टा सुमारे सव्वाचार सेंटीमीटरांचा असतो, एफ १.२ वर तीनही भरत नाही. जवळचा डोळा रेखीव आणि दुसरा धूसर, अशी स्थिती होते. सिनेदिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’ चित्रपटातील काही प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केले, ते झाइसने मूळ ‘नासा’साठी बनवलेल्या एफ ०.७ लेन्सने. एफ १.४ च्या चौपट प्रकाश तिला मिळे. परंतु पट्टा इतका अरुंद की नटांना हालचाल बेतानेच करावी लागे. निकॉनने २०१९ मध्ये काढलेली ५८ मिलिमीटरची एफ ०.९५ लेन्स दोन किलोंची आहे आणि तिचे फोकस हातानेच जुळवावे लागते. नकळत टिपायच्या चेहऱ्यांना एवढी सवड कोठून असणार?

एफ १.२ चे गुण मी नाकारत नाही. तिच्यातून दादांच्या मागील फडताळे आणि वह्यांचे गठ्ठे लोण्यासारखे विरघळून जात, आणि चेहरा तेवढा उजळून पुढे येई. एकट्या चेहऱ्यासाठी ती खरोखर सुंदर आहे. परंतु मला चेहरा आणि लिहिणारा हात दोन्ही हवे होते, आणि मागच्या वह्याही मला विरघळायला नको होत्या. साठ वर्षे ज्या वह्यांत दादांचे आयुष्य गेले, त्या चित्रात ओळखू यायला हव्या होत्या.

तोडगा लेन्सबाहेर सापडला. लहान ज्योतीचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. समई तीन फुटांवरून दोन फुटांवर आणली की उजेड सव्वादोन पट होतो. महाग लेन्स जेवढे देते, नेमके तेवढेच, आणि फुकट. दीड फुटावर आणली की चौपट! वहीपूजनाच्या दिवशी दादा गादीवर येण्यापूर्वीच पुतण्याने समई त्यांच्या डाव्या अंगाला, दीड फुटावर ठेवली. उजव्या अंगाला ठेवली असती, तर हाताची सावली अक्षरांवर पडली असती. मी दोन मीटरवर, बाजूला बसलो. बाजूने पाहिले की चेहरा आणि हात जवळजवळ एकाच अंतरावर येतात, आणि तेवढ्या अंतरावर एफ १.८ चा सतरा सेंटीमीटरांचा पट्टा दोघांना पुरतो. घरात सारे आरतीच्या तयारीत होते. माझ्याकडे कोणी पाहत नव्हते, दादाही नाही.

छापून आणलेले चित्र त्यांच्या हातात दिले, तेव्हा त्यांनी चष्मा सावरून ते बराच वेळ पाहिले. लेखणी वहीवर टेकलेली, बोटे स्वच्छ, स्थिर. ‘‘हा हात माझाच ना?’’ एवढेच त्यांनी विचारले. मी ‘हो’ म्हणालो. त्यांनी ते चित्र पेढीवर लावायला सांगितले नाही. स्वतःच्या कपाटात ठेवून घेतले.

ज्यांचा व्यवसायच छायाचित्रणाचा आहे, ज्यांना मंगल कार्यालयातील दिवे हलवण्याची मुभा नसते, त्यांनी एफ १.२ जरूर घ्यावी. त्यांचे भांडवल वसूल होते. घरच्या माणसांचे चेहरे जपू पाहणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच की आधी एफ १.८ घ्यावी, दिवा जवळ सरकवावा आणि मगच मोठ्या खरेदीचा विचार करावा. हवेच असेल, तर एखाद्या कार्यापुरती महाग लेन्स भाड्याने मिळते. पण घरातील वडीलधाऱ्यांच्या हातांचे चित्र काढायचे असेल, तर ते पुढल्या दिवाळीवर ढकलू नये.