ओला कागद आणि गटाची नजर

पासिर रिसच्या खारफुटीत बसणाऱ्या जलरंगकारांना विषय शोधावा लागत नाही. अडतो तो कागद. पासिर रिस पार्कात सुमारे ६ हेक्टर खारफुटी राखलेली आहे. लाकडी पायवाटा चिखलावरून आत जातात, पलीकडे पाण्यात पुलाऊ उबिन हे बेट दिसते. सिंगापूरच्या हवेत आर्द्रता सरासरी ८० टक्क्यांच्या वर असते, पहाटे ती ९० च्याही पुढे जाते. नेमका रंगवण्याजोगा उजेड तेव्हाच असतो. पुण्यात मार्च महिन्यात जो वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, बघता बघता वाळतो, तो इथे तसाच ओला पडून राहतो.

सगळी अडचण एका घडीची आहे. वॉशची चकाकी जाते, पण कागद आतून दमट असतो. त्या घडीला मारलेल्या फटकाऱ्याची कड मऊ येते. थोडे आधी मारला तर रंग पसरतो. थोडे नंतर, जास्त पाण्याच्या ब्रशने मारला तर नवे पाणी अर्धवट वाळलेला रंग ढकलत नेते आणि दातेरी डाग उमटतो. कोरड्या हवेत ही घडी ओळखता येते. दमट हवेत ती लांबते आणि फसवते. पृष्ठभाग मंद दिसतो, आतले तंतू मात्र भिजलेलेच असतात. कांदळाच्या मुळांना आणि तिवराच्या चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांना ठाम गडद रेघ हवी, त्यामागच्या पाण्याला मऊपणा हवा. दोन्ही एकाच बैठकीत साधणे हेच या जागेचे आव्हान आहे. वातानुकूलित खोलीत फोटोवरून केलेल्या खारफुटीच्या चित्रांत रेघा नेटक्या येतात, पण चिखल कोरडा वाटतो. ती चित्रे या जागेची नव्हेत.

कागद वाळेपर्यंतच्या वेळातच चित्रकारांचा गट घडतो. सिंगापूरला असे सोबत बसून रंगवण्याची परंपरा जुनी आहे. नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी नदीकाठ रंगवणारे लिम चेंग हो १९६९ मध्ये स्थापन झालेल्या सिंगापूर वॉटरकलर सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होते. पुढे तिचे अध्यक्षपद भूषवणाऱ्या ओंग किम सेंग यांना १९९० मध्ये कल्चरल मेडॅलियन हा सन्मान मिळाला, तोही स्वयंशिक्षित असताना. मराठी चित्रकाराला यात मुंबई आठवते. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर जलरंगात वाढले आणि १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया उभी करणाऱ्यांत होते. तिथलाच १९४७ चा प्रोग्रेसिव्ह चित्रकारांचा गट मात्र लवकर पांगला: त्यातले सुझा १९४९ मध्ये लंडनला गेले, रझा १९५० मध्ये पॅरिसला. जाहीरनाम्यावर उभा राहिलेला गट मतांबरोबर फुटू शकतो. ओला कागद घेऊन शेजारी बसणाऱ्यांना एकमत लागत नाही, म्हणून असे गट टिकतात.

बैठक संपली की चित्रे जमिनीवर ओळीने मांडली जातात. प्रत्येकाची नजर आधी स्वतःच्या चित्रावर जाते, मग त्याच्या शेजारच्या चित्रावर, आणि आपला वॉश अधिक स्वच्छ आहे ना, हे मनात ताडून पाहिले जाते. हा अहंकार वर्षानुवर्षे सोबत रंगवूनही सुटत नाही. तो नसता तर पहाटेच्या दमट हवेत पुन्हा पुन्हा येऊन बसण्याची जिद्दही फारशी उरली नसती.

वय झाले की हात आधी सुटतो. मुळांची लांब रेघ एका श्वासात ओढता येत नाही, टोकाला कंप येतो. चकाकी जाण्याची घडी मात्र म्हाताऱ्या डोळ्याला तरुणापेक्षा नेमकी कळते. त्यामुळे गटात जुन्या सभासदाचे काम बदलते. तो लहान कागद घेतो, पाणी कमी ठेवतो, रेघेऐवजी ठिपक्यांनी मुळे उभी करतो, आणि शेजारचा ब्रश उचलला गेला की ‘थांब, अजून ओलं आहे’ एवढेच म्हणतो. हे पुस्तकात मिळत नाही, कारण ती वेळ दर पहाटे निराळी असते. ती त्याच हवेत शेजारी बसलेल्यालाच सांगता येते.