शाल की साल?

मालेगावात राहणाऱ्याला आवाजाची ओळख करून द्यावी लागत नाही. आमच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग आहेत. शुक्रवारी ते बंद असतात. एरवी खटखट चालूच. म्हणून आपाने संगणकावरून शिकवायचे ठरवले, तेव्हा अब्बांनी तिला बिनतारी इअरबड आणून दिले. केवढीशी ती वस्तू! पण कानांत घातली की मागांचा आवाज बराच कमी होतो.

एका संस्थेने आपाला नोकरीसाठी नमुना-पाठ घ्यायला सांगितले होते. समोर पडद्यावर तिसरीची मुले, विषय मराठी वाचन. आम्ही घरी सराव केला. दुसऱ्या खोलीत मोबाइल घेऊन मी विद्यार्थी झालो. गाणे लावले की इअरबडमध्ये आवाज सुरेख येई. पण बोलणे सुरू झाले की तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटे. मी वाचले, "शाल." आपाने विचारले, "साल म्हणालास का?" जिला मुलांचे उच्चार तपासायचे, तिलाच हा फरक कळेना! मग पाठ कसा व्हायचा?

अम्मी तर इअरबड परत करायला निघाली. पण त्यांत बिघाड नव्हता. ब्लूटूथची वाट आमच्या गल्लीसारखी अरुंद असते. सगळ्या हातगाड्या एकाच दिशेने निघाल्या तर भराभर जातात. गाण्याचे तसेच असते. इअरबडचा मायक्रोफोन सुरू झाला, की आपला आवाजही त्याच वाटेने उलट येऊ लागतो. मग दोन्ही आवाजांना जागा मिळावी म्हणून त्यांना काटछाट सोसावी लागते. गाण्यात आवाजाचे सेकंदाला साधारण ४४,१०० नमुने असतात. बोलण्यात जुन्या पद्धतीत ८,००० आणि सुधारलेल्या पद्धतीत १६,०००. या काटछाटीत आवाजाचा उंच भाग गळतो आणि 'स'ची ओळख तर त्या उंच भागातच असते. पुष्कळ संगणकांत या दोन प्रकारांना 'स्टीरिओ' आणि 'हँड्स-फ्री' म्हणतात.

उपाय सोपा आहे. ध्वनीच्या सेटिंगमध्ये ऐकण्यासाठी इअरबड ठेवा आणि बोलण्यासाठी संगणकाचा स्वतःचा मायक्रोफोन निवडा. ज्या अ‍ॅपवर पाठ असेल, त्यातही हीच निवड करा. हे पुष्कळजण विसरतात. आवाज मुळीच येत नसेल, तर इअरबड घरातल्या दुसऱ्याच मोबाइलला जोडलेले नाहीत ना, ते पाहा. आमच्याकडे ही खोडी धाकट्या भावाचा मोबाइल नेहमी करतो.

पण आता नवी पंचाईत झाली. संगणकाचा मायक्रोफोन मागांची खटखटही टिपू लागला आणि पाठ होता बुधवारी! आपाने संस्थेला पत्र लिहून अडचण कळवली आणि शुक्रवार मागून घेतला. मला तिची ही युक्ती सेटिंग बदलण्यापेक्षाही आवडली.

शुक्रवारी एका मुलाने ऐटीत वाचले, "आजीने अंगावर साल घेतली."

"कशाची रे? केळ्याची?" आपाने विचारले.

सगळा वर्ग हसला. त्या मुलाने पुन्हा वाचले, "शाल."