एल्गारनंतरचे सुरेश भट

सुरेश भटांच्या उत्तरार्धातील कवितेविषयी वऱ्हाडात मोकळेपणाने बोलणे अवघड असते. अमरावती हे त्यांचे जन्मगाव. त्यामुळे येथे भटांविषयी मत असण्याआधी आपुलकी असते, आणि आपुलकीला चिकित्सा फारशी मानवत नाही. 'रंग माझा वेगळा' किंवा 'एल्गार' यांचा विषय निघाला की मंडळी खुलतात, शेरांमागून शेर निघतात, चहा थंड होतो. 'झंझावात' आणि 'सप्तरंग' यांची नावे काढली की तीच मंडळी एकदम आदराने बोलू लागतात. साहित्यव्यवहारात असा आदर बहुधा न वाचल्याचे किंवा वाचून काही न म्हणण्याचे लक्षण असतो.

आम्ही चौघे मित्र, दोघे अमरावतीचे आणि दोघे अकोल्याचे, गेली कित्येक वर्षे या एका प्रश्नावर भांडत आलो आहोत. 'एल्गार' प्रसिद्ध झाला तेव्हा आम्ही विद्यार्थी होतो. एकच प्रत चौघांत फिरे आणि ज्याच्याकडे ती नसे तो वहीत शेर उतरवून घेई. 'झंझावात' आला तेव्हा आम्ही शिकवू लागलो होतो. म्हणजे पहिला भट आम्ही चाहते म्हणून वाचला आणि दुसरा शिक्षक म्हणून. पुढे जे मांडत आहोत ते या दोन्ही नात्यांना स्मरून.

प्रथम क्रम पाहू. 'रूपगंधा' १९६१, 'रंग माझा वेगळा' १९७४, 'एल्गार' १९८३, 'झंझावात' १९९४, 'सप्तरंग' २००२. एक्केचाळीस वर्षांत पाच संग्रह. १४ मार्च २००३ रोजी नागपुरात भट गेले, आणि त्यानंतर 'रसवंतीचा मुजरा' आला. दोन संग्रहांमधले सर्वांत कमी अंतर आठ वर्षांचे आहे. तेव्हा 'नंतरच्या काळात भट भाराभर लिहू लागले' हा जो आक्षेप कधीमधी ऐकू येतो, तो या आकड्यांपुढे टिकत नाही.

रूढ मत असे आहे : 'रूपगंधा'त गीतकार, 'रंग माझा वेगळा'त कवी, 'एल्गार'मध्ये गझलसम्राट, आणि पुढे पुनरावृत्ती. दीर्घायुषी कलावंतांच्या बाबतीत असा आलेख काढणे ही चाहत्यांची जगभरची सवय दिसते. १९६२ साली सुरू झालेल्या रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदाने २०२३ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनंतर, स्वतःच्या नव्या गाण्यांचा संच काढला, तेव्हाही त्यांच्या चाहत्यांत हीच दुफळी झाली. एका गटाला त्यात जुन्याचा प्रतिध्वनी ऐकू आला आणि दुसऱ्याला जिवंतपणाचा पुरावा. चाहता कलावंताकडे दोन परस्परविरोधी गोष्टी मागतो : तो बदललेला नसावा, आणि त्याने स्वतःची नक्कलही करू नये. या मागणीपुढे कोणीही हरणारच.

भटांच्या बाबतीत मात्र आणखी एक गोष्ट घडलेली आहे, आणि तिचा विचार समीक्षेत पुरेसा झालेला नाही. पहिल्या कालखंडातील भटांची कविता आपल्यापर्यंत बहुतांशी कानांवाटे आली. हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली, लता आणि आशा यांचे आवाज, आकाशवाणी, आणि जब्बार पटेलांचे 'सिंहासन' (१९७९) व 'उंबरठा' (१९८२) हे चित्रपट. त्या गझलांमधला एखादा शब्द आज आपण उच्चारतो तेव्हा त्यामागून चाल येतेच. ती वगळून वाचणे आता कोणालाही शक्य नाही. उत्तरार्धातील कवितेला हे भाग्य त्या प्रमाणात लाभले नाही. ती पुष्कळांना केवळ छापील पानावर भेटली, तबला-पेटीवाचून, स्वराच्या आधारावाचून. एकीकडे गाणे आणि दुसरीकडे नुसता मजकूर अशी ही तुलना आहे, आणि निकाल मात्र दोन्ही मजकुरांचीच तुलना केल्यासारखा दिला जातो. आमच्यातल्या अकोलेकर मित्राचा युक्तिवाद असा, की 'रंग माझा वेगळा'मधल्या कधीच न गायल्या गेलेल्या रचना आणि 'झंझावात'मधल्या रचना शेजारी ठेवून वाचाव्यात. आम्ही तसे करून पाहिले. दरी उरते, पण ती लोक म्हणतात तेवढी खोल नाही.

ती उरते हे मात्र मान्य केले पाहिजे. पूर्वीच्या भटांत प्रतिमा विचाराला वाहून नेते. रात्र, चांदणे, मैफल, आसवे, जखम हे शब्द मराठी कवितेत काही नवे नव्हते. पण भटांनी ते अशा जागी बसवले, की शेराचा पहिला मिसरा संपताना वाचकाला पुढे काय येणार याचा अंदाज लागत नसे आणि दुसरा संपताना हेच यायला हवे होते असे वाटे. गझलेचे सारे सामर्थ्य या दोन ओळींमधल्या अंतरात आहे. उत्तरार्धात पुष्कळ ठिकाणी ते अंतर आटलेले दिसते. पहिली ओळ तक्रार करते आणि दुसरी त्याच तक्रारीवर शिक्का मारते. 'मी' आणि 'ते' अशी सरळ फाळणी होते. 'ते' कोण हे वाचकाने गृहीत धरायचे. ढोंगी समाज, दगाबाज मित्र, हिशेबी समीक्षक यांच्यावरचा राग खरा आहे, परंतु काव्यात रागाच्या खरेपणाने भागत नाही. काफिया कानाला चटकन कळतो आणि शेर सभेत टाळी घेतो. टाळी विरल्यावर मागे काय राहते हा प्रश्न तेवढा शिल्लक उरतो. भट स्वतः उत्तम सादर करीत, मैफल जिंकीत. श्रोत्यांसमोर यशस्वी होणाऱ्या शेराचा मोह त्यांच्या उत्तरार्धातील लेखनाला काही प्रमाणात महागात पडला, असे आमच्यातल्या दोघांचे ठाम मत आहे.

उरलेल्या दोघांचे म्हणणेही तितकेच वजनदार आहे. ते म्हणतात, तुम्ही ज्याला पुनरावृत्ती म्हणता तो हट्ट आहे, आणि त्या हट्टाला जीवनाचा आधार आहे. लहानपणीच पोलिओने एक पाय अधू झालेला, बी.ए.च्या वाटेवर अपयश पाहिलेला, खेड्यापाड्यांत शिक्षकी केलेला हा माणूस प्रौढ वयात आपल्या जन्माच्या ब्राह्मण्यातून बाहेर पडून बौद्ध धम्म स्वीकारतो, डॉ. आंबेडकरांना वाहिलेले त्याचे वंदनगीत वस्त्यावस्त्यांतून सामुदायिकरीत्या म्हटले जाते. अशा कवीच्या कवितेत 'मी'चा 'आम्ही' होत जाणे हा शैलीचा थकवा मानायचा की भूमिकेचा विस्तार? 'झंझावात' ज्या १९९४ साली आला, त्या वर्षाच्या आरंभी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला होता. त्याआधीची तीन-चार वर्षे मंडल, अयोध्या आणि मुंबईच्या दंगली-स्फोटांची होती. त्या काळात आडवळणाने बोलण्यापेक्षा सरळ बोलणे एखाद्या कवीला अधिक प्रामाणिक वाटले असेल, तर ती निवड म्हणून वाचली पाहिजे. निवडीची किंमत मोजावी लागते. पण किंमत मोजावी लागली म्हणून निवडच नव्हती असे ठरत नाही.

येथे एडवर्ड सईद यांची आठवण होते. भट गेले त्याच वर्षी, २००३ मध्ये, सईदही गेले, आणि त्यांचे उत्तरकालीन शैलीविषयीचे पुस्तक २००६ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाले. आडोर्नोच्या बेथोव्हेनवरील निबंधाचा धागा पकडून सईद म्हणतात, की अखेरच्या काळातील कलेत नेहमी परिपक्व शांती आणि समेटच असतो असे नाही. काही कलावंत अखेरीस अधिक हेकट, अधिक विसंगत, अधिक न जुळणारे होतात, आणि त्यातच त्यांचे मोल असते. मराठी वाचकाला वृद्ध कवीकडून संतत्वाची अपेक्षा असते. ज्ञानोबा-तुकोबांच्या भाषेत ते स्वाभाविकच आहे. भटांनी ती अपेक्षा पुरी केली नाही. ते अखेरपर्यंत भांडत राहिले. विदर्भातलेच दुसरे मोठे कवी ग्रेस यांच्याशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होते. ग्रेस आपल्या एकांतात अधिकाधिक खोल आणि दुर्बोध होत गेले. भट आपल्या गर्दीत अधिकाधिक उघडे होत गेले. दोघांनीही आपापल्या वाचकाची सोय पाहिली नाही.

तथापि सईदांची चौकट भटांवर जशीच्या तशी बसवता येत नाही. सईद ज्या कलावंतांविषयी लिहितात त्यांची विसंगती रचनेतही उतरते, आकृती तडकते. भटांची आकृती शेवटपर्यंत अभंग राहिली. वृत्त, काफिया, रदीफ, अलामत यांत त्यांनी कधी ढिलाई केली नाही. 'गझलेची बाराखडी' लिहून नवोदितांना गझलेचे व्याकरण शिकवणारा हा उस्ताद स्वतःला सूट देणार तरी कशी? आत खदखद आणि बाहेर काटेकोर बांधणी, हा ताण उत्तरार्धातल्या उत्तम शेरांना बळ देतो. सामान्य शेरांत मात्र बांधणी तेवढी शिल्लक राहते.

आता वाचनपद्धतीविषयी. आपण संग्रहाचा न्याय संग्रह म्हणून करतो, कारण कादंबरी आणि दीर्घकविता यांनी आपल्याला तसे वळण लावले आहे. गझलेत एकेक शेर ही स्वयंपूर्ण कविता असते. मतल्याचा पुढच्या शेराशी आशयाचा संबंध असलाच पाहिजे असे नाही. जमीन तेवढी समान. मग सहा शेरांतले चार साधे आणि दोन अविस्मरणीय असतील, तर त्या गझलेची सरासरी काढण्यात अर्थ नाही. आमच्या जुन्या वहीत 'एल्गार'मधले शेर पानेच्या पाने आहेत, 'सप्तरंग'मधले पानभरच. पण त्या पानावरचे शेर आम्ही आज, साठीच्या घरात, अधिक वेळा उघडतो. भटांच्या कवितेत मरण पहिल्यापासून आहे. तरुण भटांत ते प्रेयसीसारखे, थोडे नाटकी, थोडे सुंदर असे येते. अखेरच्या संग्रहात त्याचा साज उतरलेला आहे. तेथे मरणाशी बोलणारा माणूस आवाज चढवत नाही, आणि जगावर रागावणाऱ्या शेरांच्या शेजारीच हा खालचा स्वर सापडतो. तो ऐकायचा तर आधीचा गलबला ओलांडावा लागतो. पुष्कळ वाचक तेवढे थांबत नाहीत.

या सगळ्याची चर्चा आज करण्याचे कारण केवळ चाहत्यांची हौस नव्हे. वऱ्हाडच्या कानाला गझल परकी कधीच नव्हती. अचलपूर, बाळापूर, अकोला, अमरावती या गावांत उर्दूचा वावर जुना आहे. मुशायरा, कव्वाली येथे पिढ्यान्पिढ्या ऐकली गेली. माधव जूलियनांनी १९३३ साली 'गज्जलांजली'ने मराठीत गझलेचे रोप लावले, पण तिचा मिजाज आणि तिची बोलण्याची ढब भटांनी मराठीत मुरवली, त्यामागे ही माती आहे. याच भागातून भीमराव पांचाळे यांच्यासारखा मराठी गझलेचा गायक आला, अकोल्यात श्रीकृष्ण राऊत यांच्यासारखे गझलकार लिहिते झाले. आज अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतून गझल लिहिणारी मुले-मुली संख्येने पुष्कळ आहेत. ही मुले ज्या गावांतून येतात, तेथे कापसाचा भाव, कर्ज आणि आत्महत्या हे घरातले विषय आहेत. त्यांच्याजवळ राग आहे आणि तो खरा आहे. आम्हांला काळजी वाटते ती ही, की त्यांच्यापैकी अनेक जण भटांकडून रागाची लकब उचलतात. 'दुनिया', 'जखमा', 'मशाली' हे शब्द आयते मिळतात, वृत्त साधते, शेर टाळी घेतो, आणि त्यांचा स्वतःचा बाप, स्वतःचे शेत, स्वतःची भाषा शेराबाहेरच राहते. भट बोलताना वऱ्हाडी ढंगात बोलत, लिहिताना प्रमाण मराठीत लिहीत. त्या दोहोंमधला प्रवास त्यांनी स्वतःच्या हिमतीवर केला होता. तो प्रवास उसना घेता येत नाही.

म्हणून आम्ही वर्गात आता उत्तरार्धातले भट मुद्दाम शिकवतो. दोन शेर घेतो, एकाच गझलेतले : एक फसलेला आणि एक साधलेला. कोणता कोणता हे सांगत नाही. वृत्त दोन्हींत निर्दोष असते, काफियाही. त्यामुळे मुलांना चूक शोधण्याची सवय सोडून दोन ओळींमधल्या अंतराकडे पाहावे लागते. 'एल्गार'मधल्या उत्कृष्ट गझलेवर असा तास घेता येत नाही, कारण तेथे मुले नुसती भारावतात. मोठ्या कवीचे फसणे त्याच्या यशाइतकेच शिकवते, मात्र ते फसणे प्रेमाने दाखवणारा माणूस लागतो. द्वेषाने दाखवले तर मुले कवीची बाजू घेतात. भक्तीने झाकले तर त्यांना काहीच दिसत नाही.

नागपुरात २०१७ पासून भटांच्या नावाचे भव्य सभागृह उभे आहे, आणि २०१० मध्ये कौशल इनामदार यांनी संगीतबद्ध केलेले मराठीचे अभिमानगीत ज्या मुलांना तोंडपाठ आहे, त्यांतल्या अनेकांना ते भटांचे आहे याची कल्पना नसते. एवढी कीर्ती थोड्यांच्याच वाट्याला येते. तिच्या सावलीत दोन संग्रह मात्र फारसे न उघडता पडून आहेत. आमच्या चौघांत त्यांच्याविषयी अजून एकमत नाही, आणि ते व्हावे अशी कोणाची घाईही नाही. 'सप्तरंग' वाचनालयातून घ्यावा, आदर बाजूला ठेवावा, आणि पेन्सिल हातात घेऊन शेरांवर खुणा करीत जावे. ज्यांवर खूण होणार नाही ते सोडून द्यावेत. ज्यांवर होईल त्यांतले काही, आमच्या अनुभवाने, 'एल्गार'च्या शेजारी लिहून ठेवण्याच्या योग्यतेचे निघतील.