सुट्टीचा भोंगा

शुक्रवार, 5 डिसेंबर 2025. सणसर

आमच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी आज लोकसभेत ‘राइट टू डिसकनेक्ट’चं विधेयक मांडलं. कामाची वेळ संपल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी ऑफिसचा फोन, मेल घेतला नाही म्हणून कुणावर कारवाई होऊ नये, हा त्याचा गाभा. नियम न पाळणाऱ्या कंपनीला कर्मचाऱ्यांच्या एकूण पगाराच्या एक टक्का दंड. 2018 मध्येही त्यांनी असंच विधेयक मांडलं होतं. हे खासगी विधेयक, त्याचा कायदा होणं महाकठीण. 1970 नंतर संसदेत असं एकही मंजूर झालेलं नाही. तरी बारामती-इंदापूरच्या मतांवर निवडून गेलेल्या बाईंनी हा विषय पुन्हा लावून धरला, याचं मला मोल वाटतं.

गावात अजून हा हिंजवडी-खराडीच्या आयटीवाल्यांचा प्रश्न समजतात. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, तेव्हा लॅपटॉप घेऊन गावी आलेली आमच्यासारखी बरीच मंडळी परत गेलीच नाहीत. भाडं वाचलं, ट्रॅफिक सुटला, लेकरू आजी-आजोबांपाशी वाढलं. हे सगळं मला हवं होतं, आजही हवं आहे. घरून काम नको, असं मी कधी म्हणणार नाही. फक्त ते संपतं किती वाजता, हे ठरलेलं असावं.

गेल्या वर्षी जुलैमध्ये पुण्यात सनदी लेखापाल असलेली 26 वर्षांची मुलगी गेली. नोकरीला लागून चारच महिने झाले होते. कामाच्या ओझ्याबद्दल तिच्या आईनं कंपनीला लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये सगळ्यांनी वाचलं. मी ते वाचलं तेव्हा माझी आई बाहेर शेंगा निवडत बसली होती. तिला वाचून दाखवायचं धाडस झालं नाही.

शनिवार, 6 डिसेंबर

आज सुट्टी. रात्री दहाला मॅनेजरचा मेसेज आला, “जरा बघशील का, पाचच मिनिटं.” पगारपत्रकांचं काम माझ्याकडे, ग्राहक अमेरिकेतला. दोन रिपोर्टांची बेरीज जुळत नव्हती.

या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाइट रात्रीची आहे. आमचे हे बॅटरी-काठी घेऊन उसाला पाणी द्यायला निघाले. बिबट्याच्या भीतीनं हल्ली एकट्यानं कुणी जात नाही. दोघंतिघं मिळून जातात, मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावतात. लाइट ट्रिप झाली म्हणून एकच्या सुमारास परत आले. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. मी तशीच हेडसेट लावून बसलेली. “तुझं पाणी अजून सरीतच का?” म्हणाले आणि मोरीत पाय धुवायला गेले.

रात्रीच्या पाण्याबद्दल शेतकऱ्याला कुणी सांगितलं नाही की बाबा, मन खंबीर कर, श्वासाचे व्यायाम कर. मागणी झाली ती दिवसा विजेची. मोर्चे निघाले, रास्ता रोको झाले, 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. ती सगळीकडे पोचलेली नाही, आमच्याही फीडरला नाही. पण दुखणं वेळापत्रकात आहे आणि वेळापत्रक बदलता येतं, एवढं तरी सगळ्यांनी मान्य केलं. आम्हाला मात्र ताणावरचं वेबिनार मिळतं. शिकवणाऱ्या बाई चांगल्या असतात, सांगतात तेही खरं असतं. पण ते ऐकत असतानाच खाली उजव्या कोपऱ्यात मेसेज येत असतात, त्यांचं काय करायचं हे त्या बाईंच्या हातात नाही.

मंगळवार, 9 डिसेंबर. बारामती

सकाळी मानेसाठी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मान नंतर तपासली, आधी विचारलं, “रात्री फोन कुठं असतो?” उशाशी, म्हटलं. “न वाजता वाजल्यासारखा वाटतो?” हो. वाटतो. भांडी घासताना, देवापुढं दिवा लावताना, अगदी मोटारसायकलवर मागं बसलेली असतानासुद्धा. म्हणाले, एमआयडीसीतले सुपरवायझर येतात, बँकेतले येतात, सगळ्यांचं हेच.

हे दुखणं नवं नाही. क्रेग ब्रॉड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1984 मध्येच ‘टेक्नोस्ट्रेस’ नावाचं पुस्तक लिहिलं. तेव्हा कॉम्प्युटर टेबलावरून हलत नव्हता. पुढच्या अभ्यासकांनी या ताणाची कारणं वेगळी करून मांडली: यंत्रामुळे वाढलेला कामाचा वेग, घरात घुसलेलं काम, न समजणारी साधनं, नोकरी जाण्याची धास्ती, रोज बदलणाऱ्या प्रणाली. मला यातलं दुसरं सगळ्यात जास्त लागतं. पहिलं सोसता येतं, कारण काम मला आवडतं.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 2021 मध्ये आकडे काढले होते. आठवड्याला 55 तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्याला 35 ते 40 तासवाल्यापेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी अधिक. आणि आपल्याकडे याच सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळानं दुकानं-आस्थापनांतली रोजची मर्यादा 9 वरून 10 तास करायला मंजुरी दिली.

गुरुवार, 11 डिसेंबर

जाऊबाई अंगणवाडी सेविका. संध्याकाळी आल्या त्या थेट आमच्या वायफायपाशी बसल्या. पोषण ट्रॅकर ॲपवर दिवसाची माहिती चढवायची राहिली होती. जुलैपासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थी बाईचा चेहरा ॲपवर जुळवावा लागतो. बाई उसाच्या फडात गेलेली, तिच्या सासूला आहार देता येत नाही. बाई आली तर रेंज नसते. “पोरांना गाणी शिकवायची का फोन वर धरून उभं राहायचं?” जाऊबाई म्हणाल्या.

त्यांना कुणी आयटीवाली म्हणणार नाही, पण माझ्यापेक्षा त्यांचं जड आहे. मानधन तुटपुंजं, आणि रात्रीचं काम हिशेबातच नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले होते. फोन तापायचे, अडकायचे, ॲप इंग्रजीत. लाखभर बायकांच्या या फळीनं एकजुटीनं फोन टेबलावर नेऊन ठेवले, याचा मला फार अभिमान वाटतो. आमच्यातल्या एकीनंही अजून असं केलेलं नाही.

शनिवार, 13 डिसेंबर

मामा, म्हणजे माझे सासरे, भवानीनगरच्या साखर कारखान्यात फिटर होते. जेवताना विषय निघाला. भोंगा झाला की रिलीव्हर यायचा, हातातला पाना घ्यायचा, आणि तुम्ही सायकल काढायची. “रिलीव्हर आला नाही तर?” “तर डबल ड्यूटी. पण तिचा ओव्हरटाइम वहीत लागायचा.” आत्या, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, “भोंगा ऐकून मी कालवण चुलीवर ठेवायची.”

ही व्यवस्था आभाळातून पडली नव्हती. 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा घेतली, साडेपाच हजारांवर कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, आणि पगार महिन्याच्या 15 तारखेच्या आत. रविवारची सुट्टी मिळाली 10 जून 1890 ला. मधली सहा वर्षं लोक सह्या करत, सभा घेत राहिले. तेव्हाही रविवार दिला तर गिरण्या बुडतील असं वाटणारे होतेच. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून 50 किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कंपन्यांना कामानंतर फोन-मेल बंद ठेवण्याच्या हक्कावर वाटाघाट करावीच लागते. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट 2024 पासून हा हक्क आहे. तिथलेही धंदे चालू आहेत.

सोमवार, 15 डिसेंबर

टीममधल्या आम्ही सगळ्यांनी मिळून मॅनेजरला मेल केला. इंदापूर, फलटण, सोलापूर, नागपूर, जिथं जिथं कुणी बसलंय तिथून प्रत्येकानं खाली नाव टाकलं. मागण्या साध्या: रात्री दहानंतर फोन फक्त पगार अडकत असेल तरच, त्यासाठी दर आठवड्याला एकानं पाळीनं जागं राहायचं, त्या रात्रीचा मोबदला किंवा बदली सुट्टी, आणि हे सगळं लेखी.

मॅनेजरनं संध्याकाळी फोन केला. तोही रात्री दोनपर्यंत जागा असतो, त्याचीही लहान मुलगी आहे. पाळी लगेच सुरू करू म्हणाला. मोबदल्याचं आणि लेखीचं वर विचारावं लागेल, जानेवारीत सांगतो. जानेवारीत पुन्हा विचारायचं काम फलटणच्या मुलानं अंगावर घेतलं आहे. पहिला आठवडा नागपूरकडे, माझी पाळी 29 पासून.