साडेसात हजारांवरून दोन हजारांवर

ओमानमध्ये डिझेल पेट्रोलपेक्षा महाग आहे असं साताऱ्यात सांगितलं, की ऐकणाऱ्याला वाटतं मी आकडे उलटे सांगतेय. पण खरं आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या सरकारने इंधनाचं अनुदान काढलं आणि दर महिन्याला भाव बदलू लागले. पुढे नोव्हेंबर २०२१ पासून भावांना वरची मर्यादा घातली गेली : ९५ नंबरचं पेट्रोल लिटरला २३९ बैसा, डिझेल २५८ बैसा. हजार बैसांचा एक रियाल. त्यामुळे मस्कतमध्ये डिझेल म्हणजे ट्रकचं, पाण्याच्या टँकरचं, जनरेटरचं इंधन. घरच्या वापराची डिझेल सेडान मी तिथल्या चार वर्षांत एकही पाहिली नाही.

आणि तरी मस्कतमधल्या दोन नोकऱ्यांच्या मधले सात महिने मी डिझेल सेडानच चालवली. सातारा ते पुणे, पुणे ते सातारा. त्याआधी माझ्याकडे निस्सानची ३७० झेड होती. या दोन गाड्यांमध्ये काय अंतर आहे हे गाड्यांची आवड असणाऱ्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते.

मी भूशास्त्रातली. पीएचडी दख्खनच्या बेसाल्टवर केली आणि पोस्टडॉकसाठी मस्कतला आले, कारण भूशास्त्र शिकलेल्या माणसाला ओमान म्हणजे पंढरी आहे. मस्कतहून निझवाकडे जाणाऱ्या १५ नंबरच्या हायवेला समाईलच्या खिंडीत दोन्ही बाजूंना काळेतपकिरी, ओकेबोके डोंगर दिसतात. तो साधारण साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा आणि त्याखालच्या प्रावरणाचा भाग आहे, जमिनीवर ढकलला गेलेला. जे बघायला एरवी समुद्राखाली कित्येक किलोमीटर भोक पाडावं लागेल, ते इथे रस्त्याच्या कडेला हात लावून बघता येतं.

कामाला जायला प्रकल्पाची पिकअप होती. झेड होती ती फक्त माझी. मायदेशी परतणाऱ्या एका इंजिनिअरकडून सेकंडहँड घेतली, तीन महिन्यांच्या पगाराइतक्या पैशांत. ३.७ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ३३२ हॉर्सपॉवर, तीही ७००० आरपीएमला, आणि काटा साडेसात हजारांपर्यंत न्यायची मुभा. मॅन्युअल गिअर. खालचा गिअर टाकला की गाडी आपणहून इंजिनाचा वेग जुळवून घ्यायची, त्यामुळे धक्का असा बसायचाच नाही. ही सोय बाजारातल्या गाडीत पहिल्यांदा झेडमध्येच आली होती.

कुणाला वाटेल मी वाळवंटात दोनशेच्या वेगाने गाडी पळवत असेन. तसं काही नव्हतं. ओमानच्या हायवेला मर्यादा १२० ची, आणि रडार कॅमेरे जागोजागी. आखातासाठी बनवलेल्या बऱ्याच गाड्यांसारखी माझीही १२० ओलांडलं की टिंगटिंग करायची. झेडचं सुख वेगात नव्हतं, तिथपर्यंत पोचण्यात होतं. राउंडअबाउटमधून बाहेर पडताना, एक्सप्रेसवेच्या रॅम्पवर चढताना, ते पाच-सहा सेकंद. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली ऑलिव्हिनचे कण मोजल्यावर ते सेकंद मला लागायचे. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटताना एक काकू हटकून विचारायच्या, "एकटीला एवढी गाडी कशाला गं?" मी म्हणायचे, "एकटीला म्हणूनच, काकू. त्यात दोनच सीटा आहेत."

दोन सीटांचा हिशेब आईबाबा मस्कतला आले तेव्हा खऱ्या अर्थाने कळला. एका वेळी एकच पालक. बाबांना घेऊन मत्रहला गेले की आई घरी. आईला घेऊन निघाले तर तिला त्या खोल सीटमध्ये बसवायला दोन मिनिटं आणि उठवायला पाच. तिचे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. शेवटी सूरला जाताना मैत्रिणीची गाडी मागून घेतली, तेव्हा कुठे तिघांनी बिम्माहचा तो हिरव्या पाण्याचा खड्डा एकत्र पाहिला.

मग माझं कंत्राट संपलं. मुदतवाढीची मंजुरी येईल येईल म्हणता आली नाही. पोस्टडॉकच्या आयुष्यात यात नवीन काही नाही. पण आखातात नोकरी, व्हिसा, घर आणि गाडी एकाच दोरीत ओवलेली असतात. रेसिडेंट कार्ड गेलं की मुल्किया, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, आपल्या नावावर ठेवून भागत नाही. झेड तीन आठवड्यांत विकली. घेणारा तिशीतला ओमानी मुलगा होता, त्याने बॉनेट उघडून इंजिनाकडे असं पाहिलं की भावात फार ताणावंसं वाटलं नाही.

साताऱ्यात वाट बघत होती बाबांची २०१२ ची डिझायर. तेराशेच्या आतलं, १२४८ सीसीचं इंजिन, ७५ हॉर्सपॉवर. झेडच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. ही गाडी बाबांनी का घेतली याचं उत्तर त्या वर्षीच्या भावात आहे. पेट्रोलचे दर सरकारने जून २०१० मध्ये मोकळे सोडले होते, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ पर्यंत धरून ठेवले होते. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं तेव्हा डिझेल ४१ च्या आसपास होतं. चार मीटरच्या आतल्या छोट्या गाडीला कर कमी, म्हणून डिझायरची डिकी कापून ती ३९९५ मिलिमीटरवर आणलेली. तेव्हाचे सगळे सरकारी निर्णय एकावर एक ठेवले की जी गाडी तयार होते, ती ही.

पहिले पंधरा दिवस हातांनी ऐकलं नाही. मस्कतमध्ये स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे गिअर उजव्या हाताला. इथे उजवा हात गिअर शोधायला जाऊन दारावर आपटायचा. वळताना इंडिकेटर द्यायला जावं तर कोरड्या काचेवर वायपर फिरायचे. पोवई नाक्यावर भर उन्हात वायपर चालवणारी बाई म्हणून मी काही दिवस ओळखीची झाले असेन.

पण खरी अडचण उजव्या पायाची होती. झेडमध्ये पाय दाबला की गाडी उत्तर देते, आणि काटा जितका वर जाईल तितकं उत्तर मोठं. डिझायरला तसा पाय दिला तर आधी काहीच होत नाही. मग दोन हजारांच्या अलीकडे टर्बो जागा होतो, गाडी एकदम ओढते, आपण खूश होतो, आणि चार हजारांच्या पुढे नुसता आवाज. मी मात्र सवयीने दुसऱ्या गिअरमध्ये काटा वर चढवत बसायची. शेजारी बसलेले बाबा दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अगं, तिला पळवू नकोस. ती ओढणारी आहे. गिअर टाक वरचा आणि दे तिच्यावर सोडून."

बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, आणि साइटवरच्या जीप डिझेलच्या. त्यांना जे पायाने माहीत होतं ते मी कागदावर मांडून पाहिलं, कारण आमची जात तशी. इंजिनाची ताकद म्हणजे पिळण्याचा जोर गुणिले फिरण्याचा वेग. झेडचा सर्वांत जास्त जोर ५२०० आरपीएमला मिळतो, डिझायरचा १९० न्यूटन-मीटर २००० लाच. म्हणजे एकीला फिरवून घ्यावं लागतं, दुसरी हळू फिरतानाच हातात असेल ते देऊन टाकते. गिअर लवकर बदलणं हे डिझेलमध्ये काटकसरीचं लक्षण नाही, तीच तिची खरी जागा आहे.

कारण मुळात आग लावायची पद्धत वेगळी. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल एकत्र दाबतात आणि ठिणगी देतात. झेडमध्ये ते मिश्रण अकरा पट दाबलं जातं. फार दाबलं तर वेळेआधी पेटतं. रुडॉल्फ डिझेलने १८९०च्या दशकात उलटा विचार केला : नुसती हवाच इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी, आणि मग त्यात इंधन सोडायचं. ठिणगी नकोच. १८९७ मध्ये त्याचं इंजिन नीट चाललं. डिझायरच्या इंजिनात हवा सतरा पटींहून जास्त दाबली जाते. एवढा दाब सोसायचा तर सगळे भाग दणकट हवेत, आणि दणकट भाग फार वेगाने फिरवता येत नाहीत. शिवाय इंधन आत गेल्यावर पेटायलाही थोडा वेळ लागतो. म्हणून काटा साडेचार-पाच हजारांच्या पुढे नेण्यात अर्थ नसतो.

ते इंजिन मारुतीचं नव्हे, मूळ फियाटचं. एकाच फटक्यात सगळं इंधन सोडण्याऐवजी थोडं थोडं, एका फेरीत पाच वेळांपर्यंत सोडायचं, म्हणजे खडखड कमी होते, अशी त्याची युक्ती. २००३ मध्ये ते युरोपात आलं आणि पुढे भारतात मारुती, टाटा, फियाट अशा कितीतरी गाड्यांत बसलं. पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनायचं. लोक त्याला गमतीने भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. एका पिढीच्या लग्नाच्या वराती, दवाखाने आणि एअरपोर्टच्या फेऱ्या त्याच्यावर झाल्या.

आमच्या घरची दवाखान्याची फेरी त्याच सात महिन्यांत आली. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन पुण्यात ठरलं. तपासण्या, ऑपरेशन, टाके, मग पंधरा-पंधरा दिवसांनी दाखवायला जाणं. बाबांचं वय बहात्तर, रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांनी त्यांना आता दिसेनासं होतं. चालवणारी मीच. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी तिला घरी आणलं. मागच्या सीटवर आडवी, पायाखाली दोन उशा. साधारण ११० किलोमीटर.

त्या दिवशी पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढले. साताऱ्याहून पुण्याला जाताना बोगदा होता, येताना मात्र घाट चढावा लागायचा. पुढे उसाचे ट्रक, मागे हॉर्न. तिसरा गिअर, काटा दोन हजारांच्या जरा वर, आणि पाय जवळजवळ हलवायचाच नाही. गाडी एका लयीत चढत राहिली. गिअर बदलायची वेळ कमी म्हणून झटका कमी, झटका कमी म्हणून मागून कण्हणं कमी. झेडने तो घाट निम्म्या वेळात चढला असता आणि प्रत्येक वळण आईच्या टाक्यांनी मोजलं असतं. किंबहुना झेडमध्ये ती मावलीच नसती. माथ्यावर आल्यावर तिने विचारलं, "घाट गेला का?" बाबा म्हणाले, "केव्हाच."

घरी पोचल्यावर इंजिन लगेच बंद करायला गेले तर बाबांनी हात धरला. लांबून आल्यावर एक मिनिट तसंच चालू ठेवायचं, टर्बोला थंड व्हायला वेळ द्यायचा. आई त्या मिनिटात दम खाऊन उतरायला तयार झाली.

या सगळ्यावरून मी डिझेलची भक्त झाले असं कुणी समजू नये. नायट्रोजनची ऑक्साइडं आणि काजळी हा डिझेलचा खरा दोष आहे, आणि तो लपवायला काही कंपन्या कुठवर गेल्या ते सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन प्रकरणात जगाने पाहिलं. एप्रिल २०२० मध्ये भारतात बीएस-६ चे निकष आले, छोट्या डिझेल इंजिनाला त्यात बसवणं खर्चिक होतं, आणि मारुतीने डिझेल बंदच केलं. २०२३ पर्यंत होंडानेही केलं. सर्वसाधारण घराला परवडणारी डिझेल सेडान आज शोरूममध्ये मागून मिळत नाही. निर्णय योग्यच आहे. फक्त त्या निर्णयाच्या अलीकडे उभी असलेली एक गाडी आमच्या अंगणात आहे आणि ती अजून कुठेही कमी पडत नाही.

आता मी परत मस्कतमध्ये आहे. नवा प्रकल्प, नवं रेसिडेंट कार्ड, आणि एक साधी ऑटोमॅटिक पेट्रोल कोरोला, चार दरवाजांची. १५ नंबर हायवेला कधीतरी एखादी झेड बाजूने सूं करून जाते तेव्हा मान वळते, नाही म्हणत नाही. पण पुढची गाडी ओलांडायची असेल तर मी आता आधी लांबवर बघते, जागा हेरते, आणि मग पाय देते. ती सवय खंबाटकीची आहे.

डिझायरला २०२७ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण होतील. फिटनेस दाखवून, हरित कर भरून नोंदणी पुढे पाच वर्षं वाढवून घेता येते. बाबा म्हणतात, विकून टाकू, आता चालवणार कोण? माझं इथलं कंत्राटही २०२७ पर्यंतचंच आहे, आणि पुढचं काय याचं उत्तर माझ्याकडे नाही. गेल्या रविवारी फोनवर मी त्यांना सांगितलं की नोंदणीचे पैसे मी पाठवीन, विकू नका. ते जरा थांबून म्हणाले, "बरं. मग नवी बॅटरी घालून ठेवतो. आणि आठवड्यातून एकदा चालू करून ठेवीन."